रायफलच्या अ‍ॅक्सेसरीज विकताय? आधी 'नाही' म्हणायला शिका



परवाच्या व्हिडिओत आपण अ‍ॅक्सेसरीजचं गणित बघितलं. मोबाईलवर मार्जिन कमी, पण कव्हर-चार्जरवर चांगलं. मोटरसायकलचंही तसंच. त्यावर साताऱ्याच्या आणि सांगलीच्या काही स्पोर्ट्सवाल्यांनी विचारलं, "सर, रायफलच्या अ‍ॅक्सेसरीज ठेवल्या तर? परदेशात त्याची केवढी मोठी दुकानं आहेत!"

प्रश्न चांगला आहे. पण परदेशातलं ते दुकान शिकाऱ्यावर चालतं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करायची रायफल, हे तिथल्या शिकाऱ्याचं नेहमीचं साधन. मग त्याला दुर्बीण, नवा दस्ता, दोन पायांचा स्टँड, हलका ट्रिगर असं एकेक लागत जातं. आपल्याकडे तो शिकारी गिऱ्हाईकच नाही. म्हणून आज तीन गोष्टी बघू: आपलं गिऱ्हाईक कोण, काय विकायचं नाही आणि काय विकायचं.

१. आपलं गिऱ्हाईक कोण?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यानुसार शिकारीला बंदी आहे. आणि शिकार म्हणजे फक्त जनावर मारणं नाही. जखमी करणं, पकडणं, फास लावणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. एअरगनने पाखरू टिपणंसुद्धा 'पोरांचा खेळ' राहत नाही. आपल्या एका बाजूला कोयना-चांदोली, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या बाजूला सागरेश्वर. रानडुक्कर ऊस आणि भुईमूग उद्ध्वस्त करतं, शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. पण त्यालाही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, दुकानदाराचा सल्ला चालत नाही. "डुकरासाठी काहीतरी द्या" म्हणत कुणी आलं तर त्याला वनपरिक्षेत्र कार्यालयाचा पत्ता द्या. विषय तिथे संपला.

मग उरतात दोन प्रकारची गिऱ्हाइकं.

पहिलं, परवानाधारक. सातारा हा फौजींचा जिल्हा. निवृत्तीनंतर सुरक्षेच्या नोकरीसाठी किंवा मळ्यातल्या वस्तीवर स्वसंरक्षणासाठी हत्याराचा परवाना घेतलेली माणसं असतात. बऱ्याच जणांकडे बारा बोअर, काहींकडे इशापूर कारखान्याची .३१५ बोअरची रायफल. ही .३१५ जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली, पक्की बोल्ट-अ‍ॅक्शन.

दुसरं, नेमबाजी शिकणारी पोरं. हे गिऱ्हाईक वाढतंय. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं. त्या प्रकारात .२२ ची रायफल लागते आणि तीही बहुतेकांची बोल्ट-अ‍ॅक्शनच. पण सुरुवात सगळ्यांची १० मीटर एअर रायफलपासून होते. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत आणि बिलाची नोंद फाईलला ठेवाच.

२. काय विकायचं नाही?

हा भाग दोनदा वाचा, कारण इथे पैसे जात नाहीत, दुकान जातं.

शस्त्र कायदा १९५९ मध्ये 'अग्निशस्त्र' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. गोळीचा आवाज किंवा झोत कमी करायला बनवलेली वस्तू त्या व्याख्येतच येते. म्हणजे सायलेन्सर ही कायद्याच्या नजरेत अ‍ॅक्सेसरी नाहीच, ते स्वतःच शस्त्र आहे! रायफलचे सुटे भागही तसेच. ऑनलाइन कुठेतरी दिसलं म्हणून ते आपल्या काउंटरवर आलं तर बिनपरवाना शस्त्र बाळगल्यासारखं होतं. एअरगनसाठी म्हणून कुणी मागितलं तरी उत्तर तेच: ठेवत नाही.

दुसरं, हत्याराची दुरुस्ती आणि फेरबदल यालाही परवाना लागतो. नळी कापून आखूड करणं, एका प्रकारच्या हत्याराचं दुसरं करणं, हे तर थेट गुन्ह्यात. त्यामुळे "ट्रिगर जरा हलका करून द्या", "दुर्बीण बसवायला दोन भोकं पाडून द्या" असं म्हटलं की हात वर करायचे. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे पाठवायचं नाही. पाठवलंत तर तुम्ही त्यालाही अडकवलंत.

तिसरं, बोल्ट. ली-एनफिल्ड घराण्यात बोल्ट ज्या रायफलचा त्याच रायफलला. बोल्ट आणि नळी यांच्यात काडतूस बसायची जागा अगदी मापात असावी लागते. दुसऱ्या रायफलचा बोल्ट 'बसतोय की' म्हणून घातला आणि माप चुकलं, तर काडतूस फुटून गरम वायू चेहऱ्याकडे येऊ शकतो. अशा सल्ल्याचं बिल माणसाच्या डोळ्याने भरावं लागतं.

३. मग विकायचं काय?

परवानाधारकाला देखभाल विका. चांगली सफाईची सळई, बोअरच्या मापाचे ब्रश, चिंध्या, तेल, खांद्याचा पट्टा, कव्हर आणि दणका कमी करणारा रबरी पॅड. बरोबर दोन वाक्यं फुकट द्या. एक, रायफल रिकामी आहे हे बघून बोल्ट काढा आणि सफाई बोल्टच्या बाजूने करा, कारण नळीचं तोंड घासलं की नेम बिघडतो. दोन, पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात तर गंज धरायला वेळ लागत नाही. हे सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक विसरत नाही.

नेमबाज पोरांना माप विका. इथे पालक दागिने घ्यावेत तसे येतात, "जे सगळ्यात भारी ते द्या." थांबवा त्यांना. स्पर्धेचे नियम कडक आहेत. एअर रायफल साडेपाच किलोपेक्षा जड चालत नाही, म्हणजे वजनं लावत सुटायचं नाही. दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्राची साइट लागते. जॅकेटच्या कापडाचा एक थर अडीच मिलिमीटरपेक्षा जाड असला की तपासणीत बाद. एअर सिलेंडरवरची मुदतही तपासतात. आणि दहाचं वर्तुळ असतं अर्ध्या मिलिमीटरचं! तिथे चमक नाही, अंगाला बसणं कामाला येतं.

विकायचा क्रमही असाच ठेवा. आधी दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू पोराच्या मापाला लावून घ्या, याला बहुतेक वेळा नवीन काहीच घ्यावं लागत नाही. मग हातमोजा, पट्टा, बूट. जॅकेट-ट्राउझर सगळ्यात शेवटी, प्रशिक्षकाला विचारून आणि मापाने शिवून. चौदा वर्षांचं पोर वर्षभरात वाढतं, हे आईला सांगायला लाजू नका.

आता आकडे

समजा, तुम्ही ६०,००० रुपयांचा माल भरला. खरेदीवर २५ टक्के नफा धरला. त्यातला ४०,००० चा माल विकला गेला, हातात आले ५०,०००. कागदावर नफा १०,०००, पण गल्ल्यात अजून १०,००० कमीच! कारण २०,००० चा माल कपाटात झोपलाय, आणि तो बहुतेक चुकीच्या मापाचाच असतो.

म्हणून मापाच्या वस्तू ऑर्डरवर, निम्मा आगाऊ घेऊन. दुकानात भरायचा तो फक्त संपणारा माल: छर्रे, टार्गेट कागद, तेल, चिंध्या, ब्रश. हाच माल गिऱ्हाइकाला परत आणतो.

काउंटरमागे तीन प्रश्न चिकटवा

१) हे कायद्यात बसतं का?
२) हे स्पर्धेच्या नियमात बसतं का? (खेळाडू असेल तर)
३) हे या माणसाला बसतं का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच बिल फाडा. एकाचंही 'नाही' किंवा 'बघू' आलं, तर विक्री सोडा. सोडलेल्या विक्रीचा तोटा दोन-तीन हजारांचा. पण मुलगी बालेवाडीच्या रेंजवर तपासणीत बाद झाली, तर तिचं वर्ष जातं आणि तुमचं नाव तिच्या अख्ख्या बॅचमध्ये जातं.

या आठवड्याचा गृहपाठ: धंदा कोणताही असो, दुकानातल्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा, 'ही मी कुणाला विकणार नाही?' ज्या वस्तूपुढे काहीच लिहिता येत नाही, ती वस्तू तुम्हाला अजून नीट माहीत नाही. तिची माहिती आधी काढा, मगच पुढची ऑर्डर द्या.

भेटू पुढच्या धड्यात. विषय आहे उधारीची वही.