खळं वेगळं, कोठार वेगळं

नशिराबाद

चि. गुड्डू,

नवा लॅपटॉप घेतलास आणि त्यावर आजीचे व्हिडिओ जोडायचं मनावर घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. किती जीबी लागतील, असं तू फोनवर विचारलंस. आकडा सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घे. काम करायची डिस्क आणि जपून ठेवायची डिस्क एकच असू नये. खळ्यावर मळणी होते आणि धान्य कोठारात जातं. वर्षभराचं धान्य खळ्यावर कुणी पडू देत नाही.

आता हिशेब. तुझा फोन ४के चित्रण सेकंदाला ३० फ्रेमने करत असेल, तर मिनिटाला साधारण १७० एमबी, म्हणजे तासाला १० जीबी धर. मित्राचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने लिहितो, तो तासाला ४५ जीबी घेईल. एखाद्या लग्नात त्या कॅमेऱ्याने हळदीपासून वरातीपर्यंत सहा तासांचं चित्रण केलंस, तर २७० जीबी झाले. तुझ्या लॅपटॉपमधली एसएसडी ५१२ जीबीची आहे, पण विंडोज ती ४७६च दाखवेल. त्यातला मोठा भाग विंडोज आणि सॉफ्टवेअर खाणार. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून पाचवा हिस्सा मोकळाच ठेवायचा. थोडक्यात, एका लग्नात ती भरते.

म्हणून लॅपटॉपमध्ये एम डॉट टूची दुसरी जागा असेल तर तिथे १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवून घे. बहुतेक लॅपटॉपना २२८० मापाची लागते. त्याच आकाराची साटा एसएसडीही मिळते. तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, तर एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे जाते. तुझ्या जागेत कोणती चालते ते आधी पाहा. दुसरी जागाच नसेल तर बाहेरून जोडायची एसएसडी चालेल, फक्त ती यूएसबी ३ च्या पोर्टलाच लाव. जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला तीस-चाळीस एमबी मिळतात, तेवढ्यात काम अडखळतं. स्वस्तात २ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हच्या वाटेला जाऊ नकोस. आत जागा थोडीच असते आणि आकडा खोटा दाखवतात.

संकलनासाठी तू दाविंची रिझॉल्व्ह वापरणार आहेस. त्याच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये वर्किंग फोल्डर्स आहेत. तिथे कॅशे आणि प्रॉक्सी या दुसऱ्या एसएसडीवर वळव. ४के चित्र अडकत चाललं तर प्रॉक्सी करून घे. लहान चित्रावर काटछाट करायची, शेवटची फाइल मात्र मूळ चित्रावरूनच निघते. कॅशे कधीही पुसली तरी चालते, ती पुन्हा बनते. मूळ चित्रण पुन्हा बनत नाही. एक गोष्ट बरेच जण विसरतात. रिझॉल्व्हमधली तुझी सगळी कापाकापी चित्रणाच्या फोल्डरमध्ये नसते, ती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते आणि तो लॅपटॉपच्या मूळ डिस्कवर बसतो. म्हणून काम संपलं की प्रोजेक्ट आर्काइव्ह काढून तेही कोठारात टाक.

कोठारासाठी हार्ड डिस्कच घे, अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी. वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी डिस्क घेऊ नकोस. आपल्याकडे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो आणि ती डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. एसएसडी मात्र वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही, तिच्यातला डेटा विरत जाऊ शकतो. हार्ड डिस्कचा वेग कमी, पण जपायला तीच बरी. आणि मे महिन्यात इकडे आलास तर दुपारी रेंडर लावू नकोस. पारा ४५ च्या घरात असताना लॅपटॉप गोधडीवर ठेवलास, तर एसएसडी तापून आपोआप मंदावते. पहाटे लाव, टेबलावर ठेवून.

आता प्रतींविषयी. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता दोन व्हीसीआर जोडून ते संकलन शिकले. टेपवरून टेपवर घेतलं की दर वेळी चित्र फिकं पडायचं. तुझ्या फाइलची दहावी प्रतही पहिलीसारखीच राहील, मग प्रती काढायला कंटाळा का करायचा?

टिपून न ठेवलेलं कसं जातं, तेही बघ. इथून जवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव याने आणि त्याच्या मावसभावाने जेवढं टिपून ठेवलं, तेवढंच १९५२ साली पुस्तकात आलं. बाकीचं बहिणाबाईंच्या ओठांवर होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. आजी खापरावर मांडे टाकते तेव्हा पीठ कोपरापर्यंत पसरत जातं, बोटं खालून फिरत असतात आणि तोंडाने लेवा बोलीत सुनांना सूचना चालू असतात. ते बोटांचं फिरणं आणि ते बोलणं आपल्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. त्याची एकच प्रत असणं मला पटत नाही.

म्हणून दोन हार्ड डिस्क घे. एक तुझ्याजवळ पुण्यात, एक माझ्याकडे नशिराबादला. तुझी आई दर आखाजीला माहेरी येतेच, तिच्या हाती पुण्याची डिस्क दे आणि इथली तिच्याबरोबरच परत मागव. वर्षाचं नवं चित्रण त्या परत आलेल्या डिस्कवर चढव. म्हणजे एका घरात काही झालं तरी दुसऱ्या घरात सगळं राहील, आणि अदलाबदलीच्या निमित्ताने दोन्ही डिस्क वर्षातून एकदा लावून पाहिल्या जातील. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिही, म्हणजे ओळीने लागतात.

कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायची घाई करू नकोस. दोन्ही प्रती उघडून, मधूनच कुठेतरी पाहून, आवाज ऐकून मगच फॉरमॅट कर.

या आखाजीला तूही आईबरोबर ये. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन डिस्क घेऊ. लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर असतो, तेवढा लिहून आण.

तुझा,
मामा