खंड्याचा पाय

दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. आजीने पहाटेच अंगण शेणाने सारवले होते. मी उठून दारात येऊन पाहतो तो त्या ओल्या अंगणावर एका ओळीत तांबडे ठसे उमटलेले! ठशांच्या शेवटी, पायरीशी बसून, आमचा खंड्या आपला पुढचा उजवा पंजा चाटीत होता. परसात उकिरड्याजवळ एक फुटकी बाटली पडली होती. तिचीच काच त्याला लागली असावी.

मी त्या वेळी तुमच्याएवढाच होतो आणि आपल्याला सगळे समजते, अशी माझी ठाम समजूत होती. मी आजोबांच्या जुन्या धोतराची पट्टी फाडली, जखमेत हळद दाबून भरली आणि पट्टी करकचून आवळून गाठ मारली. रक्त थांबले. त्या दिवशी घरात माझे फार कौतुक झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंड्याने भाकरीला तोंड लावले नाही. पट्टीखालून डोकावणारी त्याची बोटे फुगली होती आणि हाताला गार लागत होती. काकांनी ती पाहिली मात्र, आणि लगेच गाडीला बैल जुंपले. आम्ही त्याला घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

"पट्टी कोणी बांधली?" डॉक्टरांनी विचारले. मी मान खाली घातली. त्यांनी कात्रीने पट्टी कापली. "आणखी एक दिवस ही अशीच राहिली असती, तर याची बोटे वाचली नसती. आवळलेल्या पट्टीने रक्त बाहेर येण्याचे थांबते, तसे बोटांपर्यंत जाण्याचेही थांबते." ते रागावले नाहीत, त्याचेच मला अधिक वाईट वाटले. मग त्यांनी हळदीचा लगदा धुऊन काढला आणि त्याच्याखालून, चिमट्याने, तांदळाच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा उचलून मला दाखविला. हळदीने जखम झाकली होती. काच आतच होती.

टेबलावर खंड्याच्या पंज्यांचे ओलसर ठसे उमटले होते. मला ते पाणी वाटले. डॉक्टर म्हणाले, "हा घाम आहे. कुत्रा भ्याला, की त्याच्या तळव्यांना घाम येतो." मग त्यांनी मला पंज्याची रचना दाखविली. कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही. तो बोटांवर चालतो. चार बोटांखाली चार लहान गाद्या आणि त्यांच्यामागे मधोमध एक मोठी गादी असते. पुढच्या पायाला मनगटापाशी आणखी एक छोटी गादी असते. गादीची कातडी जाड व खरबरीत असते आणि तिच्या आत चरबीचा मऊ थर असतो. त्यामुळे उडी मारली, तरी हाडांना हिसका बसत नाही. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा शंभरातील सुमारे साठ भाग भार पुढच्या दोन पायांवर असतो. पाय टेकला, की गादी पसरते आणि जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर होतात. आपले बोट कापले, तर आपण ते जपतो. खंड्याला मात्र आपल्या जखमेवरच उभे राहावे लागते! म्हणूनच ही जखम भरून येण्यास वेळ लागतो.

त्या दिवशी मी जे शिकलो, ते तुम्हांला सांगतो. कुत्रा अनोळखी असेल, तर त्याला हात लावू नका. मोठ्या माणसांना बोलवा. पिसाळण्याचा रोग कुत्र्याच्या लाळेतून होतो. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर ती जागा साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. घरचा कुत्रादेखील दुखणाऱ्या पायाला हात लागताच चावू शकतो. म्हणून त्याला मोठ्या माणसाने धरावे. स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरावे आणि मध्ये उचलून पाहू नये. दहा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर तसेच दाबून धरून दवाखाना गाठावा. रक्त थांबल्यावर कोमट पाण्याने जखम धुवावी. वरवरचा काटा हलकेच काढावा. खोल रुतलेल्या वस्तूला मात्र हात लावू नये. स्पिरिट ओतू नये. त्याने आग होते आणि नवे मांस दुखावते. आपल्या तापाच्या वा दुखण्याच्या गोळ्या तर कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्यांनी त्याच्या जिवाला अपाय होतो.

खंड्याची जखम मळली होती आणि तिला एक दिवस उलटला होता. त्यामुळे टाके न घालता ती आतून भरू द्यावी, असे डॉक्टरांनी ठरविले. रोज पट्टी बदलण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले. मी चकित झालो! काका खंड्याला धरीत. मी बोटांच्या मधून कापूस घाली, वर जाळीचे कापड गुंडाळी आणि पट्टीखाली माझे एक बोट जाते की नाही, ते पाही. मधल्या दोन बोटांची टोके मी उघडी ठेवी. सकाळ-संध्याकाळ ती हाताने चाचपून, गार किंवा सुजलेली नाहीत ना, याची खात्री करून घेई. बाहेर जाताना पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधी आणि घरात येताच सोडी. नाही तर आत घाम साचतो.

जखम चाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचे नरसाळे घातले होते. ते घेऊन खंड्या तुळशीवृंदावनावर आदळे आणि जणू काही वृंदावनानेच आगळीक केली, अशा नजरेने तिकडे पाही. आम्हांला हसू येई. त्याला मात्र ते मुळीच पसंत नव्हते.

पहिला आठवडा तो तीन पायांवरच हिंडला. दुसऱ्या आठवड्यात चौथा पाय नुसता टेकवून उचलू लागला. गादीच्या मधोमध कोवळ्या कातडीची गुलाबी रेघ दिसू लागली. डॉक्टरांनी पट्टी सोडण्यास सांगितले; परंतु दगडधोंड्यांत जाऊ देऊ नका, असेही बजावले.

मग एके दिवशी सकाळी आजीचा संतापलेला आवाज ऐकून मी बाहेर धावलो. नुकत्याच सारवलेल्या अंगणातून खंड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला होता. मी खाली वाकून ते ठसे पाहिले. चारही पायांचे ठसे सारखेच खोल उमटले होते.