घास घट्ट हवा

याइराची मुलगी उठून चालू लागली, त्या आनंदातही प्रभू येशू तिचे जेवण विसरला नाही. तिला खायला द्यायला त्याने घरच्यांना सांगितले (मार्क ५:४३). आजचा पाठ त्या खायला देण्याविषयीच आहे.

धायरीत बांधकाम मजुरांच्या वस्तीत मी आहाराचे वर्ग घेते. तिथे वेल्ह्याच्या डोंगरातून आलेली काही कातकरी कुटुंबे राहतात. मी रविवारी आयांना शिकवत असे. पण आई सकाळीच कामावर जाते आणि दिवसभर बाळाला भरवते आजी. हे माझ्या उशिरा लक्षात आले.

एकदा दहा महिन्यांच्या बाळाच्या दंडाला पट्टी लावली. ११.३ सेंटिमीटर! सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ पेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात. आजी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, चार वेळा भरवते की. डाळीचं पाणी देते, पेज देते.”

ते खरेच होते. माया कमी नव्हती, घास पातळ होता. बाळाचे एवढेसे पोट पाण्यानेच भरत होते.

त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात नेले, अंगणवाडीत नोंद केली. मग आजींच्या चुलीपाशी बसून तीन गोष्टी शिकवल्या:

१. घास घट्ट हवा. चमचा तिरका केला तरी ओघळू नये. वरचे पाणी नको. डाळ-भात घोटून द्यावा.

२. घासात ताकद हवी. वाटीत चमचाभर तेल, दाण्याचे बारीक कूट, अंडे किंवा जवळ्याची पूड घालावी. नाचणीची खीरही घट्टच करावी.

३. वेळा पाळाव्यात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सहा ते आठ महिन्यांत जोडीला दोन-तीन वेळा जेवण, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये थोडा खाऊ. अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे.

दोन महिन्यांनी दंड ११.९ भरला. १२.५ अजून गाठायचे आहेत. आता वर्ग दुपारी भरतो आणि शेजारणींना चमचा तिरका करून दाखवतात त्या आजीच.

विचारासाठी: तुमच्या भागातल्या मजूर वस्तीत दिवसा बाळाला कोण भरवते? जवळची अंगणवाडी त्यांना माहीत आहे का? या महिन्यात एकदा जाऊन विचारा.