सामाईक घर आणि सहमालकांचे हक्क

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. राहत्या घरातच व्यवसाय चालतो, तेथे घर हे निवाऱ्याबरोबर उपजीविकेचेही साधन असते. अशा घराच्या वापराविषयी वारसांत मतभेद झाल्यास कायद्याने कोणते मार्ग दिले आहेत, याची माहिती गावकारभाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. एका हिंदू गृहस्थाने स्वकष्टार्जित घर मागे ठेवले. मृत्युपत्र केले नाही. दोन मुलगे व एक विवाहित मुलगी एवढेच वारस आहेत. थोरल्याला ओसरीत कुंकवाचे काम चालवावयाचे आहे, धाकट्याला घर भाड्याने द्यावयाचे आहे, तर बहिणीला आपला हिस्सा हवा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश होय. पूर्वी पुरुष वारसांनी वाटणी करण्याचे ठरवीपर्यंत राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे बंधन उरलेले नाही.

वाटणीपूर्वीची स्थिती

वाटणी होईपर्यंत घराच्या प्रत्येक भागावर तिघांचाही हक्क असतो. थोरला एकटाच घरात राहतो, एवढ्यावरून इतरांचा हक्क बुडत नाही. कोणी कुलूप लावून दुसऱ्यास मज्जाव केल्यास न्यायालयाकडे दाद मागता येते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद ही करआकारणीसाठी असते; त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, की नष्टही होत नाही.

समेटाचे मार्ग

वापराचा लेखी करार करावा, भाडे वाट्याप्रमाणे घ्यावे, अथवा एकाने योग्य मोबदला देऊन इतरांचे हिस्से विकत घ्यावेत. वाटणीपत्र व हक्कसोडपत्र यांची रीतसर नोंदणी करावी. बहिणीचे हक्कसोडपत्र तिच्या राजीखुशीचे असावे. माहेर तुटण्याच्या भीतीने दिलेली सही ही संमती नव्हे. तडजोडीसाठी लोकअदालत उपलब्ध आहे. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना मोफत कायदेविषयक साहाय्यही मिळते.

न्यायालयाचा मार्ग

समेट न झाल्यास कोणाही एका सहमालकास वाटणीचा दावा दाखल करता येतो. न्यायालय प्रथम हिस्से ठरविते. नंतर आयुक्तामार्फत प्रत्यक्ष वाटणी करविते. लहान घराचे तीन भाग सोयीस्करपणे पडत नसतील, तर विभाजन अधिनियम, १८९३ नुसार विक्रीचा आदेश देता येतो. त्यासाठी किमान निम्म्या हिश्शाच्या मालकांची मागणी लागते. म्हणजे आपल्या उदाहरणात दोघांनी एकत्र यावे लागेल. तथापि, विक्री मागणाऱ्यांचे हिस्से न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस घेण्याची संधी उरलेल्या वारसास मिळते. एकाने आपला हिस्सा त्रयस्थास विकला, तरी त्या त्रयस्थास कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही.

सारांश, सामाईक घरातून कोणा एकाला हुसकावता येत नाही, तसेच कोणाला कायमचे अडकवूनही ठेवता येत नाही. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी ही गोष्ट वेळीच समजावून दिल्यास कित्येक घरांतील तंटे न्यायालयाची पायरी न चढताच मिटू शकतील.