हाडे काय सांगतात?

मुरबाड तालुक्यात पौष महिन्यात म्हशाची यात्रा भरते. तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. बैल घेणारा आधी काय पाहतो? तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे पाहूनच तो किंमत बोलतो. मालक काही का सांगेना, वय दातांवरूनच ठरते.

हीच विद्या जमिनीत गाडलेल्या हाडांनाही लागू पडते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बैलाचा जबडा सापडला, तरी दात पाहून त्याचे वय सांगता येते. जुन्या काळच्या वस्तू खणून काढून त्यांचा अभ्यास करणे, याला पुरातत्त्व म्हणतात. त्या काळी माणूस आणि जनावर कसे एकत्र राहत होते, हे शोधणे हा त्यातलाच एक भाग आहे.

इनामगावची हकीकत

कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याने माळशेज घाट चढून गेले, की पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका लागतो. त्याच जिल्ह्यात पुढे शिरूर तालुका आहे. तिथे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली तिथे खोदकाम सुरू केले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी हे त्यातले प्रमुख. काम एकदोन वर्षांचे नव्हते. बारा हंगाम खोदकाम चालले. त्याचा अहवाल १९८८ साली निघाला.

ते जुने गाव सुमारे ३६०० वर्षांपूर्वी वसले आणि सुमारे २७०० वर्षांपूर्वी ओस पडले. तिथल्या लोकांना लिहिणे माहीत नव्हते. मग त्यांची हकीकत कळली कशी? घरांच्या जमिनी, चुली, खापरे, जळके धान्य आणि हाडे यांवरून कळली.

हाडे कोणाची होती? गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा यांची होती. रानातले सांबर, चितळ, काळवीट आणि ससा यांचीही होती. मासे, कासव आणि मगर यांचीसुद्धा होती. म्हणजे हे लोक गुरे पाळत, शिकार करत आणि मासे धरत. शेतीही होती. सातू, गहू आणि कडधान्ये सापडली आहेत.

एका घरात मातीची एक डबी सापडली. तिच्यात मातीची बिनडोक्याची देवी होती. डबीजवळ मातीचा बैल होता. देवीची मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येत असे. म्हणजे बैलाला त्यांच्या देवधर्मातही जागा होती.

पुढे पाऊस कमी झाला, असे या अभ्यासकांचे मत आहे. मग शेती घटली. लोक शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर जास्त अवलंबून राहू लागले. मोठी चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. दुष्काळात माणसाने जनावरांच्या आधाराने कसे दिवस काढले, हे या मातीतून कळले.

हाडे कशी वाचतात?

हाडावर सुरीचे वण असले, तर मांस कापले होते असे समजते. हाड जळके असेल, तर ते विस्तवात पडले होते. कुत्र्याने चघळले असेल, तर दातांच्या खुणा राहतात. वर्षानुवर्षे ओझे ओढणाऱ्या बैलाच्या खुराजवळची हाडे जाड होतात. कोवळ्या वयाची हाडे पुष्कळ निघाली, तर जनावरे मांसासाठी पाळली असावीत. म्हातारी जनावरे पुष्कळ असली, तर ती दुधासाठी किंवा कामासाठी राखली असावीत.

खर्च कोण देतो?

कुणी विचारील, हाडे मोजून पोट भरते का? अहो, त्यालाही सोय आहे. पुरातत्त्वाची एम. ए. परीक्षा डेक्कन कॉलेजात देता येते. मग नेट नावाची देशभरची परीक्षा असते. तिच्यात वरचे गुण मिळवून पीएच. डी.चे संशोधन करणाऱ्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळते. २०२३ सालापासून ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आहे. आपल्या गावातली मुले-मुली गुरांमागे वाढतात. शेळीचे हाड कोणते आणि कुत्र्याचे कोणते, हे शहरातल्या मुलांआधी ती ओळखतील. त्यांना ही वाट माहीत असावी, एवढेच आमचे सांगणे.

आपण काय करावे?

आज ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत जिकडे तिकडे इमारतींचे पाये खणतात. यंत्र माती उपसते. ट्रक ती माती नेऊन दुसरीकडे भरावाला टाकतो. त्या मातीत काही जुने असले, तर ते कायमचे गेले. नुसते हाड उचलून ठेवूनही भागत नाही. ते कोणत्या थरात आणि कशाजवळ होते, यावरून त्याचा काळ कळतो. खालचा थर जुना, वरचा नवा.

प्रत्येक हाड काही जुने नसते. पण हाडांजवळ रंगीत खापरे, दगडाची पाती, मणी किंवा राखेचा थर दिसला, तर काम थांबवा. वस्तू हलवू नका, धुऊ नका. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. माणसाचे हाड वाटले तर पोलीसपाटलाला सांगा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर कलेक्टरला कळवावेच लागते. तसा १८७८ सालचा कायदा आहे.

१९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी दायमाबादला एका गावकऱ्याला चार धातूच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. आज त्या साऱ्या देशाला माहीत आहेत. त्या वेळी कुणी त्या वितळवून मोडीत घातल्या असत्या, तर?

प्रश्न

१. दातांवरून जनावराचे वय कसे ओळखतात, ते घरच्या जनावरावर पाहा.
२. पाऊस घटल्यावर इनामगावच्या लोकांनी काय केले?
३. हाड कोणत्या थरात सापडले, हे कळणे का गरजेचे आहे?
४. विहीर खणताना जुनी खापरे आणि हाडे निघाली, तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.