बल आणि ऊर्जा

बोलण्याच्या भाषेंत जोर, बळ, शक्ति, ताकद, सामर्थ्य हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं बेलाशक वापरतों, आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु पदार्थविज्ञानाच्या वर्गांत पाऊल टाकतांच ही मोकळीक संपते. तेथें बल निराळें आणि ऊर्जा निराळी. हा भेद ज्यास उमगला नाहीं त्याचीं गणितें केवळ पाठांतरावर चालतात, व सूत्र विसरलें कीं सारेंच अडतें.

बल म्हणजे ढकलणें किंवा ओढणें. जुन्या ग्रंथांत यासच प्रेरणा म्हटलेलें आढळतें. बलास दिशा असते, आणि तें नेहमीं दोन पदार्थांमध्यें असतें. एकट्या पदार्थांत बल सांठविलेलें आहे असें म्हणतां येत नाहीं. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. ती सांठवितां येते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, रूप पालटते, आणि तिला दिशा नसते. बलानें पदार्थ बलाच्या दिशेनें जितका सरकला, त्या अंतरानें बलास गुणिलें म्हणजे कार्य मिळतें; न्यूटन गुणिलें मीटर म्हणजे जूल. तेवढी ऊर्जा एकीकडून दुसरीकडे गेली असें समजावें.

येथें विद्यार्थी एक शंका हटकून काढतात, आणि ती रास्त आहे. स्टेशनावर हमाल डोक्यावर ४० किलोग्रॅमची ट्रंक घेऊन स्वस्थ उभा आहे. तो सुमारें ३९२ न्यूटन बल लावीत आहे, पण ट्रंक हलत नाहीं. म्हणजे तिच्यावर घडलेलें कार्य शून्य. मग बिचारा घामाघूम कां होतो? त्याच ट्रंकेखालीं टेबल ठेविलें तर टेबल जन्मभर दमणार नाहीं! कारण असें कीं, ताण टिकवून धरण्यासाठीं स्नायूंतील तंतु सारखे आखडत व सैल होत असतात. त्यांत अन्नापासून मिळालेली ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता होते. ऊर्जा खर्च झाली खरी, पण ट्रंकेस तिच्यांतून कांहींच मिळालें नाहीं.

आतां पहार घ्या. टेकूपासून हाताकडील बाजू दगडाकडील बाजूच्या दसपट लांब असली, तर १०० न्यूटन बलानें १,००० न्यूटन वजनाचा धोंडा उचलला जातो. पण धोंडा १ सेंटिमीटर वर यावयास हात १० सेंटिमीटर खालीं न्यावा लागतो. दोन्हीकडील गुणाकार १० जूलच. बल दसपट झालें. ऊर्जा कवडीनेंही वाढली नाहीं. बल वाढवून देणारीं यंत्रें पुष्कळ आहेत, ऊर्जा वाढवून देणारें एकही नाहीं.

हा घोंटाळा मुलांचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. १६८६ सालीं लाइब्निट्सनें देकार्तच्या मतावर हल्ला चढविला. गतिमान पदार्थाचें ‘बल’ वेगाच्या प्रमाणांत मोजावें, कीं वेगाच्या वर्गाच्या? वाद कित्येक दशकें चालला. लायडनचे प्राध्यापक ग्राव्हेसांडे यांनीं पितळी गोळे मऊ मातींत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला तर खळगा चौपट खोल पडला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनें १७४० सालच्या आपल्या ग्रंथांत वर्गाचाच पक्ष उचलून धरिला. तरीही १८४७ सालीं हेल्महोल्ट्सनें ऊर्जेच्या अक्षय्यतेवर जो निबंध लिहिला, त्याच्या नांवांत बल या अर्थाचाच जर्मन शब्द आहे. दोन राशींस एकच नांव दिल्यानें केवढा काळ खर्चीं पडला!

वेगाच्या वर्गाचा हा नियम पालकांनींही ध्यानांत घ्यावा. सायकल व स्वार मिळून ६० किलोग्रॅम, आणि सपाट रस्त्यावर वेग सेकंदास ५ मीटर असला, तर गतीची ऊर्जा ७५० जूल होते. ब्रेकनें १५० न्यूटन बल मिळत असल्यास सायकल ५ मीटरांत थांबते. वेग सेकंदास १० मीटर झाला कीं ऊर्जा ३,००० जूल. ब्रेक तोच, बल तेंच. थांबावयास मात्र २० मीटर लागतात. आणि धोका दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत सायकल आणखी कांहीं मीटर पुढें गेलेली असते, तें अंतर या हिशोबांत धरलेलेंच नाहीं.