प्रार्थनेची भाषा कोणीं ठरवावी?
रशियन भाषा बोलणाऱ्या क्याथलिक लोकांच्या हकीकतीवरून एक धडा

शास्त्रभाग : 1 करिंथ 14:6-19

प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस शिकवितो कीं, बोलणाराचें बोलणें ऐकणारास कळलें नाहीं, तर मंडळीची उन्नति होत नाहीं. हें शिक्षण सोपें आहे. परंतु तें आचरणांत आणितांना एक प्रश्न उभा राहतो : लोकांस कळणारी भाषा कोणती, हें कोणीं ठरवावें? सरकारानें, धर्माध्यक्षांनीं, कीं प्रार्थना करणाऱ्या लोकांनीं? या प्रश्नाचा विचार करण्यास रशिया व कझाकस्तान या देशांतील क्याथलिक लोकांची हकीकत फार उपयोगी आहे.

1. पूर्वजांची भाषा. थेस्सलनीका हें शहर पौलाच्या पत्रांवरून आपणांस ठाऊक आहे. त्याच शहरचे किरिल व मेथोदियस हे दोघे भाऊ सन 863 मध्यें मोराव्हिया देशीं गेले. त्यांनीं स्लाव्ह लोकांच्या भाषेसाठीं अक्षरें सिद्ध केलीं आणि शुभवर्तमान व उपासनेचे ग्रंथ त्या भाषेंत आणिले. रोमचे पोप दुसरे आद्रियान यांनीं या कार्यास संमति दिली. सन 988 मध्यें कीव्हच्या राजानें बाप्तिस्मा घेतल्यावर रशियन लोकांतही याच भाषेंत उपासना चालूं लागली.

त्या काळीं ती लोकांस कळत असे. परंतु हजार वर्षांत बोली पुढें गेली आणि उपासनेची भाषा मागें राहिली. ‘झिवोत’ हा एकच शब्द पाहा. आपल्या ‘जीव’ शब्दाचा तो दूरचा नातलग आहे. जुन्या प्रार्थनांत त्याचा अर्थ ‘जीवन’ असा आहे; आजच्या रशियन भाषेंत त्याचा अर्थ ‘पोट’ असा होतो! तरीही ऑर्थोडॉक्स मंडळीनें ती भाषा सोडिली नाहीं. जे थोडे रशियन लोक पूर्वेकडील विधि तसाच ठेवून पोपच्या ऐक्यांत आले, त्यांनींही ती राखिली. लिओनिद फ्योदोरोव्ह हे सन 1917 मध्यें त्यांचे पुढारी झाले. रोमशीं एक होण्यासाठीं रशियन मनुष्यानें आपलें रशियनपण टाकूं नये, असें त्यांचें मत होतें. सन 1923 मध्यें त्यांस कैद झाली. सोलोव्हकी बेटावरील बंदिवास भोगून ते सन 1935 मध्यें मरण पावले.

2. हुकमाची भाषा. झारच्या राज्यांतील बहुतेक क्याथलिक लोक मात्र पोल, लिथुएनियन, बेलारूसी किंवा जर्मन होते. त्यांची मिस्सा लॅटिन भाषेंत होई; बेलारूस प्रांतांत उपदेश व गीतें बहुधा पोलिश भाषेंत असत. सन 1863 चें बंड मोडल्यावर झार सरकारानें सन 1869 मध्यें अशा मंडळ्यांच्या उपासनेंत रशियन भाषा वापरण्याची मोकळीक दिली. शब्दांत ती परवानगी होती. मिन्स्ककडील अंमलदारांच्या हातीं ती सक्ती झाली. घरीं बेलारूसी बोलणाऱ्या शेतकऱ्यांस कोणीं विचारिलें नाहीं. पुष्कळांस हा आपला धर्म व आपली ओळख हिरावून घेण्याचा डाव वाटला. विल्ना येथें एका याजकानें रशियन विधिपुस्तक भर मंदिरांत जाळिलें, आणि त्यास हद्दपार व्हावें लागलें.

3. आजीची भाषा. पुढें सोव्हिएत सरकारानें सन 1936 मध्यें युक्रेनमधील पुष्कळ पोल कुटुंबांस आणि सन 1941 मध्यें व्होल्गातीरच्या जर्मन लोकांस घरांतून उठवून दूर पूर्वेकडे नेलें. त्यांतील पुष्कळ कझाकस्तानच्या माळावर येऊन पडलीं. तेथें मंदिर नव्हतें, याजकही नव्हता. तेव्हां म्हाताऱ्या स्त्रियांनीं मंडळी जगविली. त्या दारें लावून जपमाळ म्हणत आणि हातानें उतरून घेतलेल्या वह्यांतून मुलांस प्रार्थना शिकवीत. कोणी पोलिश भाषेंत, कोणी जर्मन भाषेंत. व्लादिस्लाव बुकोव्हिन्स्की नांवाचे याजक तुरुंगांतून सुटल्यावर सन 1955 मध्यें पोलंडास परत जाऊं शकत होते. पण ते कारागांद्यासच राहिले आणि गुप्तपणें घरोघर मिस्सा करीत सन 1974 मध्यें तेथेंच वारले.

4. नातवांची भाषा. परंतु शाळेंत व खाणींत एकच भाषा चाले, ती रशियन. नातवंडांस आजीच्या प्रार्थना पाठ येत, पण त्यांचा अर्थ येईना. सन 1963 मध्यें व्हॅटिकनच्या धर्मसभेनें लोकभाषेंत उपासना करण्यास वाट मोकळी केली, आणि सन 1991 मध्यें मॉस्को, नोव्होसिबिर्स्क व कारागांदा येथें पुन्हां क्याथलिक धर्माध्यक्ष नेमले गेले. नोव्होसिबिर्स्कचे जोसेफ वेर्थ हे कारागांद्यांतच जर्मन घराण्यांत जन्मले होते. तेव्हांपासून या मंडळ्यांत मिस्सा व प्रार्थना मुख्यत्वें रशियन भाषेंत होऊं लागल्या. ज्या भाषेचें पुस्तक एकदां जाळिलें गेलें, तिच्याच द्वारें पोल व जर्मन लोकांचीं नातवंडें देवास ‘हे बापा’ अशी हाक मारूं लागलीं.

धडा. भाषा तीच, पण पहिल्या वेळीं ती अंमलदाराच्या हुकमानें आली, आणि दुसऱ्या वेळीं लेंकरांच्या गरजेनें आली. म्हणून पौलाचें शिक्षण पाळितांना दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. जी भाषा कळत नाहीं, ती कितीही जुनी व प्रिय असली, तरी तिनें लेंकरांची उन्नति होत नाहीं. आणि कळणारी भाषाही बळानें लादिली, तर ती अंतःकरणाचें दार उघडीत नाहीं. तसेंच नातवंडांनीं नवी भाषा घेतांना आजीच्या वहीचा अनादर करूं नये. तिनें ती वही राखिली नसती, तर त्यांस भाषांतर करावयास कांहीं उरलेंच नसतें.

विचारासाठीं प्रश्न
(1) आपल्या गांवच्या उपासनेंतील कोणते शब्द मुलांस व नव्यानें आलेल्यांस कळत नाहींत? त्यांस विचारून पाहा.
(2) सन 1869 मध्यें जी भाषा लोकांनीं नाकारिली, तीच पुढें पोल व जर्मन लोकांच्या नातवंडांनीं कां स्वीकारिली?
(3) आपणांस प्रार्थना प्रथम कोणीं शिकविली? त्या व्यक्तीविषयीं आज देवाचे आभार माना.